बेसावध चेहरे

माणसाला स्वतःचे हात दिसतात, पाय दिसतात. स्वतःचा चेहरा मात्र दिसत नाही. तो पाहायचा तर आरसा लागतो, आणि आरशासमोर उभा राहणारा माणूस आपला नेहमीचा चेहरा घेऊन उभा राहतच नाही. तो केस सारखे करतो, हनुवटी उचलतो, ओठ मिटून घेतो. ज्या चेहऱ्याने आपण दिवसभर वावरतो तो घरच्यांना ठाऊक असतो, शेजाऱ्यांना ठाऊक असतो, बाजारात समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही क्षणभर ठाऊक होतो; ठाऊक नसतो तो केवळ आपल्याला. आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखलेली दिसते. निव्वळ दाखवण्यापुरत्या केलेल्या गोष्टीला आपण 'तोंडदेखली' म्हणतो. चेहरा पडतो, चेहरा खुलतो, चेहरा उतरतो, असेही म्हणतो. या क्रिया माणूस करीत नाही, त्याच्या नकळत त्या घडतात.

हा नकळत घडलेला चेहरा पकडण्याचा ध्यास घेतलेली एक कला आहे. रस्त्यावर, बाजारात, स्थानकावर चालत्याबोलत्या माणसांची, त्यांना कोणतीही सूचना न देता छायाचित्रे घ्यायची, अशी तिची रीत. इंग्रजीत तिला 'कँडिड' म्हणतात. आम्ही तिला 'बेसावध छायाचित्रे' म्हणू. गेल्या दोन वर्षांत या कलेशी आमचा जो परिचय झाला आणि त्यातून जे प्रश्न आमच्या मनात उभे राहिले, ते वाचकांपुढे मांडावेत असे वाटते. कारण आज प्रत्येक घरात दोन-तीन कॅमेरे मोबाईलच्या रूपाने आलेले आहेत, आणि हा प्रश्न केवळ कलावंतांचा उरलेला नाही.

छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस हा रस्त्यावरचाच माणूस होता, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. १८३८ साली पॅरिस येथे दागेर या संशोधकाने आपल्या खिडकीतून खालच्या हमरस्त्याचे चित्र घेतले. त्या काळी एका चित्रासाठी काही मिनिटे कॅमेरा उघडा ठेवावा लागे. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, माणसे होती. पण हलणारे सारे पुसले गेले. उमटला तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा असलेला, आणि त्याच्या पायाशी बसलेल्या पॉलिशवाल्याची अस्पष्ट आकृती. आपले चित्र घेतले जात आहे याचा त्या दोघांनाही पत्ता नव्हता. त्यांची नावे कोणाला कळली नाहीत, आणि त्यांचे चेहरेही त्या चित्रात दिसत नाहीत.

आपल्याकडे मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि लवकरच मुंबईच्या माणसांची चित्रे असलेला संग्रह निघाला. १८६०च्या दशकात विल्यम जॉन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या त्या संग्रहात जातीजातींची आणि पंथापंथांची माणसे आहेत. पण ती आधी छायाचित्रशाळेत उभी करून टिपलेली आणि मग मुंबईच्या रस्त्यांच्या व इमारतींच्या चित्रांवर चिकटवलेली आहेत. रस्ता खरा, माणसे खरी. पण ती माणसे त्या रस्त्यावर नव्हती. शिवाय चित्राखाली लिहिलेले असे ते जातीचे अथवा धंद्याचे नाव. माणसाचे नाव लिहिण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी जो फोटोवाला असे, त्याच्या पडद्यावर डोंगर, तळे आणि दोन हंस रंगवलेले असत. लग्नानंतर जोडपी तेथे जात. 'हलू नका, श्वास धरा' अशी आज्ञा होई, आणि चित्रात उमटे तो श्वास धरलेला चेहरा. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींची जी छायाचित्रे घरोघरी भिंतीवर आहेत, त्यांत कोणी हसताना फारसे दिसत नाही. याचा अर्थ ती माणसे हसत नव्हती असा नव्हे. कॅमेऱ्यासमोर बसणे हा त्यांच्या आयुष्यातील एक गंभीर विधी होता, एवढाच त्याचा अर्थ.

लायका नावाचा लहानसा जर्मन कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि हे चित्र पालटले. तो तळहातावर मावे, झटपट चित्र घेई. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने तो हाती धरला, चकाकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवली आणि तो रस्त्यांवरून हिंडू लागला. त्याचे विख्यात पुस्तक १९५२ साली निघाले. त्याचे इंग्रजी शीर्षक 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचे आहे, आणि तेच जगभर गाजले. मूळ फ्रेंच शीर्षकाचा अर्थ मात्र काहीसा 'घाईघाईने, चोरून घेतलेली चित्रे' असा होतो. एकाच पुस्तकाची ही दोन नावे आम्हाला या कलेच्या दोन बाजू वाटतात. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे टिपणाऱ्या या कलावंताला स्वतःचे छायाचित्र घेतलेले मुळीच खपत नसे. कोणी कॅमेरा रोखला की तो चेहरा आड करी.

आमचा या विषयाशी संबंध आला तो एका तरुणामुळे. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव परिसरात आपली कॅथलिक कुटुंबे मोजकीच आहेत. त्यांतील एका घरचा मुलगा शिकून अभियंता झाला आणि नोकरीनिमित्त जपानमध्ये ओसाका येथे गेला. त्याने नाताळच्या भेटीदाखल आम्हाला छायाचित्रांचा एक जाड अल्बम पाठवला. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली नागासाकी येथे हौतात्म्य येण्यापूर्वी क्योतो आणि ओसाका या नगरांच्या रस्त्यांतून फिरवण्यात आले होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्यामुळे ओसाका हे नाव आम्हाला अगदीच परके नव्हते. अल्बम उघडताना एखाद्या मंदिराची, फुललेल्या चेरीच्या झाडांची चित्रे असतील अशी अपेक्षा होती. पण त्यात होते केवळ चेहरे. लोहमार्गाच्या डब्यात उभ्याउभ्या पेंगणारा कोट-टायमधला गृहस्थ. खाद्यगाडीमागे वाफेत हरवलेली म्हातारी. शिन्सेकाई या जुन्या वस्तीत पटाचा डाव हरल्यावर कपाळावर हात मारून घेणारा वृद्ध. पावसात छत्री उलटी झाल्यामुळे एकमेकींकडे पाहून हसत सुटलेल्या दोन शाळकरी मुली.

जपानी माणसाचा चेहरा काही बोलत नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. त्या भाषेतच दोन शब्द आहेत: 'होन्ने' म्हणजे मनातले खरे, आणि 'तातेमाए' म्हणजे चारचौघांत दाखवायचे. आपल्या 'तोंडदेखल्या'चा तो सख्खा भाऊच म्हणायचा. परंतु जो समाज चारचौघांत चेहरा आवरून धरतो, त्याच समाजात बेसावध चेहऱ्याची कला इतकी बहरावी, यात नवल नाही. जेथे झाकण घट्ट, तेथे वाफ कोठून निसटते याकडे लक्ष अधिक.

या तरुणानेच आम्हाला जपानच्या थोर छायाचित्रकारांची ओळख करून दिली. केन दोमोन हे त्यांपैकी एक. युद्धानंतरच्या काळात, १९५०च्या दशकात, कोणालाही उभे करू नका, काही रचू नका, जसे आहे तसे टिपा, असा आग्रह त्यांनी धरला. चिकुहो येथील कोळशाच्या खाणी बंद पडू लागल्यावर खाणकामगारांच्या उपाशी मुलांची छायाचित्रे त्यांनी घेतली आणि १९६० साली त्यांचे पुस्तक काढले. ते मुद्दाम साध्या, हलक्या कागदावर छापले आणि किंमत ठेवली अवघी १०० येन. गरिबांवरचे पुस्तक गरिबाला विकत घेता आले पाहिजे, हा हेतू. दुसरे दाइदो मोरियामा, ओसाकाजवळच्या इकेदा गावी १९३८ साली जन्मलेले. लहानसा कॅमेरा घेऊन, कधी त्याच्या भिंगातून न पाहताच, तोक्योच्या शिंजुकू भागातील गर्दीत झपाझप चित्रे घेणारे. तिसरे हिरो किकाई. यांची तऱ्हा अगदी वेगळी. त्यांनी तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले, मालमोटार चालवली, मासेमारीच्या बोटीवर काम केले. आणि १९७३ पासून पुढे कित्येक दशके ते तोक्योच्या आसाकुसा भागातील सेन्सो-जी मंदिराच्या आवारात जाऊन उभे राहत. येणाऱ्याजाणाऱ्यांतून एखादा चेहरा निवडत, त्या माणसाची परवानगी मागत, त्याच्याशी बोलत, आणि मंदिराच्या साध्या भिंतीसमोर त्याचे चित्र घेत. २०२० साली त्यांचे निधन झाले.

म्हणजे एकाच देशात दोन मार्ग झाले: न विचारता टिपणे, आणि विचारून टिपणे. खरा चेहरा कोणत्या मार्गाने मिळतो? हा प्रश्न आम्ही त्या तरुणाला पत्राने विचारला. त्याने उत्तर दिले नाही, पुढच्या वर्षी सुट्टीत घरी आला तेव्हा म्हणाला, "फादर, बाजारला चला माझ्यासंगं."

सेनगावचा आठवडी बाजार म्हणजे आसपासच्या खेड्यांचा मेळावाच. हळद, तूर, सोयाबीन आणि कापूस पिकवणारा हा मुलूख. पाऊस वेळेवर आला तर हसरा, नाही आला तर गप्प. परभणी जिल्ह्याचा हा भाग १ मे १९९९ रोजी नव्या हिंगोली जिल्ह्यात आला. बाजारात बैलांची म्होरकी, कासरे आणि गोंडे विकणारे, लाल मिरच्यांचे ढीग घालून बसलेले, शेव-चिवड्याची पाले ठोकलेले, जुनी अवजारे मांडलेले असे शेकडो लोक. आमचा तरुण मित्र त्यांच्यातून हळूहळू चालत होता. कॅमेरा छातीशी, डोळे मात्र कॅमेऱ्यावर नाहीत. आम्ही बाजूने चालत असूनही त्याने चित्र केव्हा घेतले हे आम्हाला पुष्कळदा कळले नाही.

त्या संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर जे उमटले, ते पाहून आम्ही थक्क झालो. या लोकांना आम्ही वर्षानुवर्षे ओळखतो. त्यांच्या घरी आजारपणात गेलो आहोत, लग्नांना गेलो आहोत. पण झगा घातलेला धर्मगुरू समोर दिसला की माणूस आपसूकच सावरून बसतो. बायका पदर नीट करतात, पुरुष विडी विझवतात. आम्हाला आजवर बहुधा त्यांचे 'तातेमाए'च दिसत आले होते. या चित्रांत दिसला तो हिशेब चुकल्याने बोटे पुन्हा मोजणारा शेतकरी. नातवासाठी घेतलेली शिट्टी हळूच स्वतः वाजवून पाहणारी आजी. बैल विकून झाल्यावर हातात उरलेल्या कासऱ्याकडे पाहत उभा राहिलेला माणूस. शेवटचे चित्र आम्ही फार वेळ पाहत राहिलो. त्या माणसाला कोणी 'उभे राहा, फोटो घेतो' असे म्हटले असते, तर त्याने कासरा खाली टाकला असता आणि छाती पुढे काढली असती.

येथवर सारे आनंदाचेच होते. परंतु त्या चित्रांत एक चित्र असे होते, की ज्याने पुढचा सारा विचार करायला लावला. ते समजावे म्हणून थोडे मागे जावे लागेल.

या परिसरातील एका वस्तीवर एक बाई राहते. ती आमच्या धर्मग्रामातील नव्हे. पण तिच्या घरी आमचे जाणेयेणे आहे. काही वर्षांपूर्वी कर्जापायी तिच्या नवऱ्याने जीव दिला. मराठवाड्यात हे दुःख कित्येक उंबऱ्यांवर येऊन गेलेले आहे. प्रेत अंगणात असताना बाहेरून आलेल्या कोणीतरी तिच्या चेहऱ्याचे छायाचित्र घेतले: तोंड उघडे, डोळे मिटलेले, केस सुटलेले. ते एका वर्तमानपत्रात मोठे छापून आले. पुढे कोणत्याशा कार्यक्रमाच्या फलकावरही लागले. छायाचित्र म्हणून ते उत्कृष्ट होते, असे जाणकार म्हणतील. ते खोटेही नव्हते. ते पाहून कोणाचे मन हलले असेल, कोणी दोन शब्द लिहिले असतील. पण त्या बाईच्या मुलाने शाळेत जाणे आठ दिवस बंद केले, आणि ती स्वतः बाजारात गेली की लोक एकमेकांना कोपराने खुणावू लागले. 'फोटोतली बाई' हे तिचे नाव पडले. ती एकदा आम्हाला म्हणाली, "फादर, माझा माणूस गेला ते गेला. पर माझं रडणं बी माझं ऱ्हायलं नाही. काहून काढला असंल त्यानं फोटू?"

हे दुःख केवळ तिचे एकटीचे नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, मार्च १९३६ मध्ये, डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने कॅलिफोर्नियातील वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका मातेचे चित्र घेतले. ते जगातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांपैकी एक ठरले. ते छापून येताच सरकारने छावणीत अन्न धाडले; म्हणजे चित्राने आपले काम केले. परंतु तोवर ती माता मुलांना घेऊन पुढच्या गावी निघून गेली होती. लँगबाईंनी तिचे नावही विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्सन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, आणि आपले ते चित्र घेतलेच गेले नसते तर बरे झाले असते, अशी खंत तेव्हा तिने बोलून दाखवली. त्या चित्रातून तिला एक पैसाही मिळालेला नव्हता. जगाला जो चेहरा दारिद्र्याचे प्रतीक वाटत होता, तो तिच्या दृष्टीने फक्त तिचा चेहरा होता.

मग अशी छायाचित्रे घेऊच नयेत काय? इतके सोपे उत्तर देणे आम्हाला योग्य वाटत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी कॅमेरा उचलला नसता, तर ती उपासमार किती भयंकर होती हे देशाला कसे कळले असते? मुंबईच्या सफाई कामगारांच्या गटारातील आयुष्याकडे शहराने पाठ फिरवली असताना सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यात जाऊन त्यांची चित्रे घेतली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा यांतील माणसे अशीच त्यांच्यात मिसळून टिपली. जे चेहरे कोणी पाहतच नाही, ते पाहायला लावणे हे पुण्यकर्मच आहे. उलटपक्षी, भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० साली हा व्यवसाय सोडला. नव्या पिढीच्या छायाचित्रकारांच्या वागण्यात अदब उरली नाही, हे त्याचे एक कारण त्यांनी पुढे सांगितले. तेव्हा प्रश्न कॅमेरा उचलण्याचा नसून, तो उचलणाऱ्या माणसाच्या वागणुकीचा आहे.

कायद्यानेही या बाबतीत काही पावले टाकली आहेत. स्वतःच्या संमतीवाचून आपले छायाचित्र घेतले जाऊ नये, या माणसाच्या स्वातंत्र्याला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मान्यता दिली. तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाईलमधील कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, अशी कंपन्यांनीच रीत ठेवलेली आहे. चोरून चित्र घेणाऱ्याची चाहूल लागावी म्हणून. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. परंतु बाजारात न्यायालय बसलेले नसते. तेथे निर्णय एका क्षणात आणि एकट्यानेच घ्यायचा असतो.

या संदर्भात आम्हाला आपल्या भाषेतील एक साधे क्रियापद फार उपयोगी वाटते. छायाचित्रकार क्षण 'टिपतो', असे आपण म्हणतो. शिकारीही सावज टिपतो. त्याला हवे ते मिळाले की काम संपले. सावजाचे पुढे काय झाले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पाखरू दाणे टिपते. त्याच्या मनात वैर नसते, पण ते टिपते स्वतःच्याच भुकेसाठी. छंद म्हणून चित्रे गोळा करणारे आपण बहुतेक जण या जातीचे. आणि तिसरा अर्थ असा, की आई लेकराचे डोळे टिपते. टिपणे म्हणजे पुसणेही. क्रूसाच्या वाटेवरील सहावे स्थान वाचकांच्या परिचयाचे आहे. परंपरा सांगते, की भर रस्त्यात, गर्दीतून पुढे होऊन वेरोनिकाने प्रभूचा घामाने आणि रक्ताने माखलेला चेहरा आपल्या वस्त्राने टिपला, आणि त्या वस्त्रावर तो चेहरा उमटला. छायाचित्रकार तिला आपली आश्रयदात्री संत मानतात. तिने चेहरा मागितला नव्हता. ती पुसायला गेली होती, आणि तो तिला मिळाला.

आता त्या चित्राकडे वळू. आमच्या तरुण मित्राने बाजारात त्या बाईचेही चित्र घेतले होते. ती कोण हे त्याला ठाऊक नव्हते. लसूण विकणाऱ्या म्हातारीने काहीतरी चावट बोललेले असावे. बाई खळखळून हसत आहे. हसताना तोंडावर हात घेण्याची आपल्या बायकांची सवय. तो हात उचललेला आहे, पण ओठांपर्यंत अजून पोचलेला नाही. त्या अर्ध्या क्षणात तो सगळा चेहरा उजळून निघालेला दिसतो. ओसाका येथील एका प्रदर्शनासाठी त्याने सेनगावची चित्रे निवडली होती, आणि त्यांत हे पहिल्या क्रमांकावर ठेवले होते. आम्हीही ते पाहून मनोमन देवाचे आभार मानले. त्या चेहऱ्यावर इतके हसू अजून शिल्लक आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो सर्व चित्रांच्या प्रती घेऊन पुन्हा गेला. "ज्याचा त्याला दाखवल्याशिवाय मी काही पाठवत नसतो," असे तो म्हणाला. ही त्याची रीत आम्हाला फार आवडली. जो तो आपले चित्र पाहायला गर्दी करू लागला. शिट्टीवाल्या आजी लाजून पदराआड झाल्या, आणि मग आणखी एक प्रत लेकीसाठी मागू लागल्या. कासरा हातात धरलेला माणूस चित्राकडे पाहून काही बोलला नाही. त्याने ते घडी न करता टोपीत ठेवले. एका वृद्ध म्होरकीवाल्याने मात्र सर्वांना हसवले. तो म्हणाला, "हे बरं झालं लेकरा. मेल्यावर भिंतीला लावायला कामी येईल. आधार कार्डावरचा फोटू पाहिला की मलाच माझं भ्या वाटतं!" देशातील पहिले आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. तेव्हापासून खेड्यातील कित्येक माणसांचे एकमेव छायाचित्र म्हणजे त्या कार्डावरचे, आणि अंत्यविधीनंतर तेच मोठे करून हाराखाली लावले जाते.

ती बाईही भेटली. तिने आपले चित्र दोन्ही हातांत धरले आणि कितीतरी वेळ पाहिले. "मी अशी हसते व्हय?" एवढेच ती आधी म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून तिने ते पिशवीत सरकवले आणि हळू आवाजात त्या तरुणाला म्हणाली, "भाऊ, हा कुठं लावू नका. लोकं म्हणतील, नवरा गेला अन् ही दात काढती."

तिचे रडणे गावोगाव पोचले तेव्हा कोणी तिला विचारले नव्हते. आणि आता हसणे दाखवायला ती स्वतःच भीत होती. समाजाला विधवेचा रडका चेहरा चालतो, हसरा खपत नाही. हे आपल्या सर्वांविषयीचे सत्य त्या दोन छायाचित्रांच्या मध्ये पडलेले होते, आणि ते कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नव्हते.

ओसाका हे सेनगावपासून हजारो किलोमीटर दूर. तेथे ते चित्र लागले असते तर तिला कळलेही नसते. तरुणाने तसा युक्तिवाद केला नाही. "बरं मावशी," असे म्हणून त्याने तिच्या देखतच ते चित्र कॅमेऱ्यातून आणि त्याच रात्री संगणकातूनही पुसून टाकले. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, असा फोटो पुन्हा मिळणार नाही." आम्ही त्याचे सांत्वन केले नाही. त्याने काहीतरी खरोखर मोलाचे गमावले होते, आणि ते त्याला ठाऊक असूनही त्याने ते दिले होते. ओसाकाच्या प्रदर्शनात सेनगावची इतर चित्रे लागली, लोकांनी ती वाखाणली. पहिल्या क्रमांकाच्या जागी कासरावाला माणूस होता. तिच्या चित्राची एकच प्रत जगात आहे, आणि ती तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली ठेवलेली आहे, असे तिने आम्हाला सांगितले. हा मजकूर छापण्यास देण्यापूर्वी आम्ही तो तिला वाचून दाखवला आहे. तिने दोन ठिकाणी बदल सुचवले, ते आम्ही केले.

बेसावध चेहरा टिपावा की टिपू नये, यावर अंतिम निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाही. विचारून टिपले तर चेहरा बदलतो, हे खरे. न विचारता टिपले तर तो उचलून नेला जातो, हेही खरे. या दोहोंच्या मधली वाट आम्हाला त्या तरुणात दिसली: आधी विचारता आले नाही, तर नंतर परत जायचे. ज्याचा चेहरा त्याच्या हातात ठेवायचा, आणि तो 'नको' म्हणाला तर निमूटपणे ऐकायचे. शिकारी परत येत नाही. परत येतो तो सोयरा.

आपल्या कुटुंबांनी यातून काही घ्यावयाचे असेल तर ते अगदी साधे आहे. अंत्यविधीच्या वेळी, रुग्णालयात, कोणी कोणाच्या गळ्यात पडून रडत असताना मोबाईल खिशातच राहू द्यावा. आजी पेंगताना, आजोबा घास चुकवताना जी गंमतीची चित्रे आपण घेतो, ती साऱ्या नातेवाइकांना पाठवण्याआधी एकदा त्यांना दाखवावीत. लहान मुलांनाही विचारावे. त्यांनाही आपल्या चेहऱ्याची लाज असते आणि अभिमानही असतो. आणि बाजारात, जत्रेत, प्रवासात एखाद्या अनोळखी माणसाचे छान छायाचित्र मिळाले, आणि तो पुन्हा भेटण्याजोगा असला, तर त्याची एक प्रत कागदावर काढून त्याला नेऊन द्यावी. दोन कप चहाच्या पैशांत हे काम होते. सेनगावच्या बाजारात आता आम्ही गेलो की म्होरकीवाले बाबा हाक मारून विचारतात, "फादर, तुमचं फोटूवालं पोरगं कधी येतंय? म्हातारीचा बी काढायचा ऱ्हायलाय."